हुकाला हात सगळ्यात शेवटी

शिवणयंत्रांबद्दलचे वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, बंद झालेल्या एका युनिटमधून मी जुकीचं डीडीएल-८७०० मशीन टेबल-मोटरसकट घेतलं. पाच-सहा वर्षं ते प्लास्टिकखाली झाकून ठेवलेलं होतं म्हणे. हातचाक अर्धा फेरा नीट फिरतं आणि अडकतं. थोडा जोर लावला की ‘कट्’ आवाज होऊन सुटतं. खालच्या ट्रेमध्ये काळपट चिकट थर आहे. एका कारागिराने बघितलं आणि ‘टायमिंग गेलंय, हुक बदलावा लागेल’ असं सांगितलं. अजून मोटर लावायचं धाडस केलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : मोटर लावायची घाई केली नाहीत, तिथेच निम्मं काम वाचलं. आणि हुक बदलायची तर मुळीच घाई करू नका. हुक म्हणजे प्लेटखाली फिरून सुईचा दोरा पकडणारा भाग, आणि टायमिंग म्हणजे सुई-हुकाच्या भेटीची वेळ. ‘टायमिंग गेलंय’ हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोयीचं वाक्य आहे. ते म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

मी एकवीस वर्षं कारखान्याच्या लाइनवर मेकॅनिक होते. त्या काळात टायमिंग गेलंय म्हणून माझ्याकडे आलेल्या मशिनांपैकी खरोखर टायमिंग गेलेली फार थोडी निघाली. बाकीच्यांत सुई उलटी, नाहीतर हुकात दोरा, नाहीतर सुकलेलं तेल. हुक दांडीवर स्क्रूंनी आवळलेला असतो. तो आपण होऊन सरकत नाही. सुई जाड शिवणीवर आपटून मोडली, दोरा गच्च अडकलेला असताना कोणी पेडल दाबतच राहिलं, किंवा कोणी स्क्रू ढिले केले, तरच तो जागचा हलतो. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या मशीनचा हुक झाकणाखाली कशाला फिरेल?

तुमच्या पत्रातला कामाचा भाग म्हणजे तो ‘कट्’. चाक पूर्ण फेऱ्यात सारखंच जड लागत असेल तर तेल गोंदासारखं झालेलं असतं. दर फेऱ्याला एकाच जागी अडकत असेल तर तिथे काहीतरी वस्तू आहे. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय, पण आधी वस्तू शोधा.

प्लग काढा. पट्टा उतरवा. सुई काढा, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) काढा, फूट (कापड दाबणारा पाय) वर करून ठेवा. मग डोकं, म्हणजे टेबलात बसवलेलं मशीन, मागे उलटा. त्याआधी टेबलात मागच्या बाजूला डोकं टेकवायची खुंटी आहे का ते नक्की पाहा. जुन्या टेबलांत ती हमखास हरवलेली असते, आणि हे डोकं पंचवीस किलोच्या वरचं असतं. खुंटी नसेल तर आधी ती बसवा. बोटं चेमटल्यावर बसवलेली खुंटी मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे.

आता बॅटरी घेऊन हुकात बघा, आणि मुख्य म्हणजे हुकाच्या मागे, दांडीवर. एकदा अशाच एका अडकलेल्या मशीनमधून मी चिमट्याने दोरा काढत बसले होते. वर काळा निघाला, खालून पांढरा, त्याच्याही खालून खाकी. कारखान्याच्या तीन ऑर्डरी एकावर एक बसलेल्या. सगळ्यात आतला थर तर तेल पिऊन आणि दाबला जाऊन इतका कडक झाला होता की मला आधी तो वॉशरच वाटला. नखाने खरवडल्यावर दोऱ्याचा पीळ दिसला. या मशीनचा हुक एका टाक्याला दोन फेरे घेतो. मिनिटाला ४००० टाके म्हणजे हुकाचे ८००० फेरे. त्या वेगात गुंडाळला गेलेला दोरा असा दगड होतो. त्याला सुरीने कापायला जाऊ नका, हुकावर चरा पडला की पुढे प्रत्येक टाक्याला दोरा तिथे घासणार. रॉकेलचे दोन थेंब टाका, तासभर थांबा, चिमट्याने टोक शोधा आणि हातचाक उलटसुलट हलवत सोडवत चला.

दोरा निघाला की सफाई. अंग पुसायची नाही, सांध्यांची. साचलेलं जुनं तेल हवेने घट्ट होत होत लाखेसारखं बसतं. त्यात कोणी घरातलं खाद्यतेल घातलेलं असेल तर विचारायलाच नको. ते सुकलं की बुश (दांडी ज्यातून जाते ती नळी) आणि दांडी चिकटवूनच टाकतं. रॉकेल आणि जुना टूथब्रश घ्या. डाव्या बाजूचं झाकण काढा, म्हणजे सुईदांडीची (सुई जिच्यात बसते त्या दांडीची) यंत्रणा उघडी पडेल. वरचं झाकण उघडा. खालून सगळे सांधे ओले करा. हाताने चाक पुढेमागे हलवा, जेवढं जाईल तेवढंच. रात्रभर राहू द्या. सकाळी परत. माझा अनुभव असा की दुसऱ्या दिवशी चाक ‘सुटतं’ आणि तिसऱ्या दिवशी फिरायला लागतं. मधल्या दिवशी कोणी पाना लावून चाक फिरवायचा सल्ला दिला तर त्याला चहाला पाठवा.

खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको, आणि रॉकेल पूर्ण उडून जाऊन पुसून होईपर्यंत मोटर लावायची नाही. रॉकेल मळ सोडवतं, वंगण देत नाही. बाजारात मिळणाऱ्या गंज सोडवायच्या फवाऱ्यांचंही तेच. फवारा मारल्यावर मशीन दोन दिवस छान पळतं आणि मग कोरडं पडून किरकिरतं, कारण राहिलेलं तेलही त्याने धुऊन नेलेलं असतं.

ट्रे रिकामा करून खरवडून घ्या. तेलाच्या पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तीवर कापडाचा लव आणि काळा गाळ बसलेला असेल. ती धुवा. आतून तेल नेणाऱ्या सुती वाती असतात. त्या कडक झाल्या असतील तर रॉकेलात पिळून काढा, तरी मऊ होत नसतील तर बदला. वात काढताना ती कुठून कुठे जाते याचा फोटो काढून ठेवा. मी फोटोच्या आधीच्या काळातली, वहीत चित्रं काढायची. माझी चित्रं नंतर मलाच कळायची नाहीत.

तेल शिवणयंत्राचं पांढरं तेलच घ्या. भरधाव चालणाऱ्या या मशिनांना अगदी पातळ तेल लागतं; जुकीचं स्वतःचं तेल तर आयएसओ व्हीजी-७ इतकं पातळ आहे. मोटारगाडीचं इंजिन ऑइल घालून ‘जाड तेल जास्त टिकतं’ म्हणणारे भेटतील. टिकतं खरं, पण पंपाला ते वर चढवता येत नाही. ट्रेमध्ये ‘हाय’ आणि ‘लो’ अशा दोन खुणा आहेत, त्यांच्या मध्ये पातळी ठेवा. शिवाय पहिल्या खेपेला सुईदांडीवर, वरच्या दांडीच्या बुशांवर आणि हुकाच्या रुळावर हाताने थेंब-थेंब सोडा. पंपाचं तेल वर पोचेपर्यंत ते भाग कोरडे फिरायला नकोत.

मग पट्टा चढवा. सुई नको, दोरा नको, फूट वर. चाक तुमच्या अंगाकडे फिरतंय ना ते बघा. उलटं फिरत असेल तर तिथेच थांबा. बराच काळ पडून असलेलं मशीन मिनिटाला ३००० ते ३५०० टाक्यांच्या वेगाने साधारण दहा मिनिटं रिकामं चालवावं असं जुकीचं माहितीपत्रकही सांगतं. पण आधी दोन-दोन सेकंदांचे झटके द्या आणि वरच्या तेलाच्या काचेत डोळे लावून बसा. काचेत तेल उडताना दिसलं की पंप जागा झाला. दिसलं नाही तर वेग वाढवू नका; परत जाळी तपासा.

एवढं सगळं झाल्यावर नवी सुई लावा आणि चिंधीवर शिवा. टाका बसला तर टायमिंगचा विषय मिटला. नाहीच बसला तर मोजा. मोजायला घड्याळजीचं कसब लागत नाही. सुईदांडीवर बारीक आडव्या रेघा कोरलेल्या असतात. दांडी अगदी खाली आणली की वरची रेघ खालच्या बुशच्या कडेशी यायला हवी. म्हणजे दांडीची उंची बरोबर. चाक फिरवून दांडी वर यायला लागली की खालची रेघ त्याच कडेशी आणा, आणि तिथेच थांबा. त्या क्षणी हुकाचं टोक सुईच्या बरोबर मध्यावर यायला हवं. रेघा चार असतील तर तुमच्या जातीच्या सुईसाठी असलेली जोडी घ्यायची. टोक आणि सुई यांच्यातली फट ०.०४ ते ०.१ मि.मी. साधा लिहायचा कागद साधारण ०.१ मि.मी. जाड असतो, म्हणजे कागदाहून थोडी कमी. टोक सुईला घासतही नाही आणि लांबही राहत नाही, एवढंच डोळ्याला दिसलं पाहिजे.

हे सगळं जुळत असेल तर कारागिराचे आभार माना आणि नवा हुक दुकानातच राहू द्या. जुळत नसेल तरच स्क्रूंना हात लावायचा, आणि तोही हुकावर आणि दांडीवर सलग एक खूण ओढून. मी शिकाऊ असताना खूण न करता तीनही स्क्रू ढिले केले होते. हुक भिंगरीसारखा फिरला. तो जागेवर आणायला मला सकाळची पाळी आणि दुपारची अर्धी पाळी लागली. वरचे मेकॅनिक शेजारी स्टुलावर बसून होते. एक शब्द बोलले नाहीत, मदतही केली नाही. संध्याकाळी टाका बसला तेव्हा फक्त म्हणाले, “आता फिंगर लाव.” हुकाच्या आतला वाटीसारखा भाग फिरू नये म्हणून एक छोटं बोट त्याच्या खाचेत बसतं, ते मी बाकावरच विसरले होते. तुम्ही विसरू नका. आणि ते बोट खाचेत दाबून बसवायचं नाही. त्या दोघांच्या मधून दोरा सहज सरकायला हवा, नाहीतर प्रत्येक टाक्याला दोरा चिमटीत सापडेल.

एखादा स्क्रू हरवला तर साधा हार्डवेअरचा स्क्रू पिळून बसवू नका. शिवणयंत्राच्या बऱ्याच स्क्रूंचे आटे अजूनही इंचाच्या मापाचे, ११/६४ वर ४० आट्यांचे वगैरे असतात. मिलिमीटरचा स्क्रू दोन आटे जातो, आणि मग डोक्यातलेच आटे खाऊन टाकतो.


प्रश्न : जाड कापडाचं जुनं एका सुईचं मशीन आहे. सगळं साफ केलं, सुया नवीन आणल्या, तरी दर चार-पाच टाक्यांनी एक टाका सुटतो. जुन्या गंजक्या सुईने मात्र बरं शिवत होतं! असं कसं?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मला गंजक्या सुईची बाजू घ्यावीशी वाटली. ती बरोबर जातीची होती, नवीन नाही.

सुईच्या पाकिटावर दोन गोष्टी असतात. एक जाडी : ९०/१४, १००/१६, ११०/१८. यातला ९० म्हणजे सुईचं पातं ०.९० मि.मी. जाड. हे सगळे बघतात. दुसरी गोष्ट म्हणजे जात : डीबी×१, डीपी×५ आणि अशी बरीच. ही कोणी बघत नाही. डीबी×१ सुईचा वरचा दांडा १.६२ मि.मी. जाड असतो, डीपी×५ चा २ मि.मी. जाड कामाच्या मशीनला बऱ्याचदा २ मि.मी.च्या भोकाची सुईदांडी बसवलेली असते. त्या भोकात डीबीची सुई अगदी आरामात जाते, स्क्रूही आवळला जातो, आणि सुई एका बाजूला रेलून बसते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण हुकाला दिसतं. वर सांगितलं त्या कागदाहून कमी फटीचा हिशोब इथे पूर्ण कोसळतो. जुनी सुई आणि नवी सुई शेजारी-शेजारी चिमटीत धरून दांडे बोटांत फिरवून बघा, फरक बोटांनाच कळेल.

दांडे सारखेच निघाले तर दिशा बघा. घरगुती मशीनच्या सुईला एक बाजू सपाट असते, म्हणून ती सहसा उलटी बसत नाही. कारखान्याच्या सुईचा दांडा गोल, कशीही बसते. डीडीएलसारख्या मशीनमध्ये लांब खोबण डावीकडे आणि डोळ्याच्या वरचा खोलगट भाग उजवीकडे, हुकाच्या बाजूला. दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. तुमच्या मशीनची दिशा वेगळी असू शकते, पण नियम तोच : खोलगट भाग हुकाकडे. दिशा नजरेने कळत नसेल तर सुईच्या डोळ्यात दुसरी बारीक सुई आडवी घाला. ती आडवी सुई काट्यासारखी दिशा दाखवते. ही युक्ती मला एका शिलाई करणाऱ्या बाईंनी शिकवली. त्यांना चष्मा लावायचा कंटाळा होता.

आणि सुई पूर्ण वर टेकवून मगच स्क्रू आवळा. सुईदांडीला एक बारीक भोक असतं, त्यातून सुईच्या दांड्याचं वरचं टोक पोचलेलं दिसतं.

अजूनही सुटलेच टाके, तर प्लेटचं भोक बघा. मोडलेल्या सुयांनी त्याची कड खरवडलेली असते. जाड दोऱ्याला पॉलिशची पेस्ट लावून भोकातून पुढेमागे ओढा, कड गुळगुळीत होते.


प्रश्न : मशीन जुन्या क्लच मोटरवर आहे. पाटीवर २८८० आरपीएम लिहिलंय. पेडलला पाय लागताच सुसाट सुटतं. मुलीला शिकवायचंय, ती घाबरते. सर्व्हो मोटर घ्यावीच लागेल का?

उत्तर : घेतलीत तर मुलगी लवकर शिकेल. सर्व्होला वेगाची मर्यादा ठरवता येते, आणि पाय काढला की ती गप्प बसते. क्लच मोटर मात्र बटण चालू असेपर्यंत घुमत असते. पेडल फक्त तिला मशीनशी जोडतं. म्हणून बटण बंद केल्यावरही आतलं चाक काही वेळ फिरत राहतं. त्या अवस्थेत पट्ट्याला हात लावू नका. पेडल दाबून राहिलेला वेग संपवा, मगच. सिंगल फेजच्या मोटरमधला कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो, तो डबा इलेक्ट्रिशियननेच उघडावा. जुनी वायर चिरलेली असेल आणि अर्थिंगची तार कोणी कापून टाकली असेल (टाकतात), तर आधी ती नीट करून घ्या.

पण नवी मोटर लगेच नको असेल तर पुली बदला. हिशोब सोपा : मोटरचे फेरे गुणिले मोटरची पुली, भागिले मशीनची पुली. समजा मोटरची पुली १०० मि.मी. आणि मशीनची ७५. मग २८८० × १०० ÷ ७५ = ३८४० टाके. शिकाऊ पायाला हा वेग झेपणारच नाही. मोटरवर ५० ची पुली लावली की १९२०. आणि मोटर १४४० ची मिळाली तर ९६०. पुली लहान केली की पट्टाही लहान घ्यावा लागतो. मध्यावर बोटाने दाबल्यावर पट्टा दीडेक सेंटीमीटर दबला पाहिजे. त्याहून ताणलात तर बेअरिंग ओरडतील.

वेग कमी केल्यावर एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तेलाचा पंप मशीनच्या वेगावर चालतो. मुलगी महिनाभर गोगलगायीसारखी शिवत राहिली तर वरच्या भागांपर्यंत तेल पोचणारच नाही. रोज काम सुरू करताना, दोरा काढून, फूट वर करून, तुम्ही स्वतः मिनिटभर मशीन जोरात पळवा आणि काचेत तेल दिसतंय का ते बघा. तुमच्या मोटर-पुलीला तेवढा वेग गाठता येत नसेल तर वरून हाताने तेल द्या.

सर्व्हो घेतलीत तर पहिल्यांदा चालवताना चाकाची दिशा बघा. दिशा बदलायची सोय मोटरमध्येच असते, तारांची उलथापालथ करावी लागत नाही.


प्रश्न : जुनं मशीन दुरुस्त झालं, टाका सुरेख येतो. पण पांढऱ्या कापडावर तेलाचे बारीक डाग पडतात.

उत्तर : किती दिवस झाले? सफाईनंतर पहिले दोन-तीन दिवस कोपऱ्याकोपऱ्यातलं तेल बाहेर येतंच, तोवर चिंध्याच शिवा. त्यानंतरही डाग राहिले तर आधी फुटाची दांडी आणि सुईदांडी कोरड्या फडक्याने पुसून बघा. बऱ्याचदा तिथलंच जास्तीचं तेल ओघळत असतं.

तिथून नसेल तर हुकाला तेल जास्त जातंय. मशीन तीनेक मिनिटं रिकामं चालवा. मग साधारण २५ × ७० मि.मी.ची कागदाची पट्टी हुकाच्या खाली पाच सेकंद धरा, बोटं हुकापासून लांब. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली तर ठीक. रुंद पट्टाच उमटला तर तेल जास्त. हुकाच्या दांडीच्या पुढच्या बुशवर तेल कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, तो उण्याच्या दिशेला थोडासा फिरवा आणि नवा कागद धरा. एकदम बंद करून टाकू नका. कागद कोरडाच राहिला तर हुक जळेल, आणि मग त्या पहिल्या वाचकाला सांगितलेला हुक तुम्हाला विकत घ्यावा लागेल.

आणि पांढरं काम रोज सकाळी सगळ्यात आधी घेत असाल तर ते जरा पुढे ढकला. रात्रभर उभ्या मशीनचं तेल सुईपाशी येऊन थांबलेलं असतं. पहिले दहा मिनिटं काळं कापड शिवा.